नोटा खऱ्या होत्या, देश दुसरा होता

प्रागमध्ये एका संध्याकाळी आमचे २०० युरो पाच मिनिटांत गेले. खिसा कापला नाही, कुणी धमकावलं नाही, हातात खोट्या नोटाही पडल्या नाहीत. हे सगळं मी सविस्तर लिहिते आहे, कारण परत आल्यावर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या बहुतेकांनी पहिला प्रश्न एकच विचारला, "जास्त भावाच्या मोहात पडलात का?" तसं झालं नव्हतं. उलट फसायचं नाही म्हणून आम्ही जपून वागत होतो, आणि त्या माणसाने नेमका आमच्या जपण्याचाच फायदा घेतला.

आम्ही दोघं व्हिएन्नाहून रेल्वेने आलो. चार तासांचा प्रवास. त्याआधी आठवडाभर सगळीकडे युरोच दिले होते. चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपीय संघात आहे, पण तिथलं चलन आजही कोरुना आहे, आणि आपण रेल्वेच्या डब्यातून नुसते बाहेर बघत असतो तेव्हा सीमा कधी ओलांडली हे कळतही नाही. एका युरोला साधारण २५ कोरुना, एवढं ह्यांनी गाडीतच फोनवर बघून ठेवलं होतं. कोरुनाची नोट दिसते कशी, हे मात्र आम्ही दोघांनीही बघितलं नव्हतं. सगळी चूक इथे आहे. पुढचं त्यातूनच आलं.

स्टेशनातून बाहेर पडायच्या वाटेवर पैसे बदलून देणारी एक खिडकी लागली. वर ठळक अक्षरांत 'कमिशन शून्य टक्के'. हे बँकेच्या हिशेबात आयुष्य घालवलेले, त्यांनी भावाचा फलक शेवटपर्यंत वाचला. एका युरोला २० च्या आसपास कोरुना. म्हणजे २०० युरो बदलले असते तर हजारभर कोरुना तिथेच गेले असते. "कमिशन घेत नाहीत, भावातच कापून घेतात," हे म्हणाले आणि आम्ही पुढे निघालो. इथपर्यंत आमचं काहीही चुकलं नव्हतं.

स्टेशनापासून थोडं चाललं की वेन्सेस्लास चौक लागतो. नाव चौक असलं तरी तो लांबलचक रुंद रस्ताच आहे, वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय आणि त्याच्यासमोर घोड्यावरच्या संत वेन्सेस्लासचा पुतळा. तिथे अशाच एका दुसऱ्या खिडकीसमोर आम्ही फलक वाचत उभे होतो. शेजारी एक माणूस येऊन थांबला. चाळिशीचा, नीटनेटका, खांद्याला लॅपटॉपची बॅग. चांगल्या इंग्रजीत म्हणाला, "इथे बदलू नका. हे लोक प्रवाशांना लुटतात." फलकावरचा भाव त्याने बोटाने दाखवला, मग फोन काढून बँकेचा भाव दाखवला. २५. आम्ही पाहिलेलाच.

मग म्हणाला, की तो उद्या पहाटे कुटुंबाला घेऊन जर्मनीला निघालाय, त्याला युरो हवेतच. बँकेच्या भावाने देवघेव करू, तुमचंही नुकसान नाही, माझंही नाही.

हे म्हणाले, "नको, उद्या बँकेत जाऊ."

मीच म्हटलं, "अहो, भाव तर बरोबरच सांगतोय ना तो."

हे वाक्य माझं आहे, म्हणून ते इथे लिहिलंच पाहिजे. त्याने ३० सांगितले असते तर मला नक्की संशय आला असता. त्याने एक कोरुनाही जास्त देऊ केला नाही. आम्हाला जे खरं म्हणून ठाऊक होतं तेच तो बोलत राहिला, खिडकीबद्दलही आणि भावाबद्दलही.

त्याने पाच नोटा मोजून दिल्या, प्रत्येकीवर १००० चा आकडा. आणि स्वतःहून म्हणाला, "तपासून घ्या, या भागात खोट्या नोटा फार आहेत." एक नोट दिव्याकडे धरून त्याने आतला वॉटरमार्क दाखवला. धागा दाखवला. उठावाची छपाई जाणवते का बघा म्हणून नोटेवरून माझं बोट फिरवायला लावलं. जाणवत होती. ह्यांनी पाचही नोटा एकेक करून दिव्यापुढे धरल्या. सगळ्या अस्सल. मी कमरेचा बटवा उघडून पन्नासच्या चार नोटा दिल्या. त्याने आमच्या नोटा मोजल्यासुद्धा नाहीत, प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या आणि गेला. घाई केली असेल तर ती एवढीच.

दहा मिनिटांनी ट्रामची तिकिटं आणि पाण्याची बाटली घ्यायला एका ट्राफिकात गेलो. ट्राफिका म्हणजे तिथलं वर्तमानपत्रं, सिगारेटी, तिकिटं मिळायचं छोटं दुकान. गल्ल्यावर वयस्कर बाई होत्या. मी नोट पुढे केली, त्यांनी ती हातात घेतली नाही. गल्ल्यावरच ती माझ्याकडे तोंड करून फिरवली आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. 'एझर फोरिंट'. मग म्हणाल्या, "मद्यार्स्को." हंगेरी. गल्ल्यातून त्यांनी स्वतःची हजाराची नोट काढली आणि शेजारी ठेवली. त्यांची जांभळट, वर इतिहासकार पालात्स्की. आमची निळी, वर हंगेरीचा राजा मात्याश. शेजारी ठेवल्यावर लहान मुलालाही फरक कळला असता. पण शेजारी ठेवायला आमच्याकडे दुसरी नोट होती कुठे?

तेव्हा एका युरोला ४०० च्या आसपास फोरिंट मिळत होते. म्हणजे आमच्या हातातले ५००० फोरिंट जेमतेम १२-१३ युरोंचे. वॉटरमार्क खरा, धागा खरा, छपाई खरी. नोट खरी आहे का, हे आम्ही पाच वेळा तपासलं. कुठली आहे, हे एकदाही वाचलं नाही. आकडा दिसला की मन पुढचं वाचायचं थांबतं, हे मला त्या गल्ल्यापाशी उभं राहून कळलं.

हॉटेलवर स्वागतकक्षातल्या मुलीला सांगितलं, तर तिने मान हलवली. म्हणाली, तुम्हाला निदान चालू नोटा तरी मिळाल्या. इथे पुष्कळांना बेलारूसच्या जुन्या नोटा देतात. बेलारूसने २०१६ च्या जुलैत आपल्या चलनावरची चार शून्यं काढली आणि नव्या नोटा आणल्या. जुन्या नोटा बदलून द्यायची मुदत २०२१ अखेर संपली, त्यानंतर तो नुसता छापील कागद. त्यावरचे आकडे मात्र हजारांत. युरोपात नवखा माणूस रशियन वळणाची अक्षरं बघून "असेल इथलीच लिपी" म्हणतो. चेक भाषा रोमन लिपीत लिहितात, हे ज्याला माहीत आहे तो तिथेच थांबेल.

तिच्याच सांगण्यावरून पोलिसांकडे गेलो. तिथला पोलिसांचा नंबर १५८, आणि युरोपभर चालतो तो ११२. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, लिहून घेतलं. पैसे परत मिळण्याची आशा ठेवू नका, हेही स्पष्ट सांगितलं. रस्त्यावर चलन बदलून देण्याचा परवाना कुणालाच नसतो, आणि तो माणूस तर गेलेलाच होता. तरीही तक्रार करावी असंच मी म्हणेन. आम्ही कोणत्या कोपऱ्यावर, किती वाजता उभे होतो हे त्यांनी नकाशावर खूण करून घेतलं, त्याचा कुणाला तरी पुढे उपयोग होईल.

त्या रात्री त्याच मुलीने जे सांगितलं ते आदल्या दिवशी कळायला हवं होतं. चेक प्रजासत्ताकात १ एप्रिल २०१९ पासून कायदाच आहे. परवानाधारक खिडकीवर १००० युरोपर्यंतची रक्कम बदलली असेल, तर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो. कारण सांगावं लागत नाही. पावती दाखवायची, कोरुना परत द्यायचे, आपले युरो परत घ्यायचे. हा कायदा करणाऱ्यांचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात. आमच्याच मजल्यावर उतरलेल्या एक बाई दोन तासांपूर्वी अशाच 'शून्य टक्के'वाल्या खिडकीवर १५० युरो बदलून बसल्या होत्या. हे ऐकलं तशा त्या पावती घेऊन तडक गेल्या. खिडकीवरच्या माणसाने आधी समजत नसल्यासारखं केलं. त्यांनी "तीन तास, चेक नॅशनल बँक" एवढंच पुन्हा पुन्हा म्हटलं. पैसे पूर्ण परत मिळाले. म्हणजे ज्या खिडकीला घाबरून आम्ही दूर झालो, तिथे वाईट भावाने का होईना, बदलले असते तर ते परत घेता आले असते. रस्त्यावरच्या माणसाकडे पावती नसते, आणि जिथे पावती नाही तिथे कुठलाच कायदा आपल्या मदतीला येत नाही.

खिडकीवरच्या फलकाबद्दल एक सांगते, कारण यात शिकलेसवरलेले लोकही गोंधळतात. दोन रकाने असतात, 'नाकुप' आणि 'प्रोदेय', म्हणजे खरेदी आणि विक्री. ही खरेदी-विक्री त्यांच्या बाजूची. आपण युरो देतो तेव्हा ते युरो खरेदी करतात, म्हणून आपल्याला 'नाकुप'चा भाव लागतो. कित्येक ठिकाणी मोठ्या अक्षरांत विक्रीचा आकर्षक भाव असतो आणि आपला भाव बारीक अक्षरांत. याला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पैसे काचेखालून सरकवण्याआधी विचारायचं, "१०० युरो दिले तर माझ्या हातात किती कोरुना?" आणि तो आकडा कागदावर लिहून घ्यायचा. पैसे एकदा काचेपलीकडे गेले की बोलणं अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एटीएमकडे वळलो, तर तिथेही सांभाळावं लागलंच. रकमेनंतर पडद्यावर प्रश्न आला, तुमच्या खात्याच्या चलनात रूपांतर करून देऊ का? सोबत नेमका आकडा, आणि 'स्वीकारा'चं बटण मोठं हिरवं. तो भाव यंत्र चालवणाऱ्याचा असतो, आणि तो आपल्याला महाग पडतो. 'रूपांतर नको' हे दाबायचं. व्यवहार रद्द होत नाही, पैसे येतात, फक्त भाव कार्ड-कंपनीचा लागतो. हॉटेलात, दुकानात कार्डाच्या मशीनवरही हाच प्रश्न येतो, आणि कधी कधी वाढपी आपल्याला न विचारता परस्पर बटण दाबतो. मशीन आपल्या हातात मागून घ्यावं आणि स्थानिक चलनच निवडावं. एटीएमही शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेलं बघावं. पर्यटकांच्या रस्त्यांवर नुसतीच उभी केलेली यंत्रं शुल्कही जास्त घेतात.

दुकानातून सुटे परत घेतानाही एक गोष्ट घडू शकते. १९९५ ते १९९९ सालच्या नमुन्याच्या जुन्या कोरुना नोटा १ जुलै २०२२ पासून चलनातून गेल्या आहेत. त्या चेकच असतात, म्हणून अक्षरं वाचूनही कळत नाही. त्यांच्यातली चंदेरी पट्टी अरुंद असते, चालू नोटांतली रुंद आणि रंग बदलणारी. नोटेवर सालही छापलेलं असतं, ते वाचावं.

दोन दिवस मी मुलांना काहीच कळवलं नाही. लाज वाटत होती. पैशांपेक्षा एक गोष्ट मनाला जास्त लागली. भर चौकात, ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसासमोर, मी सगळी रोकड असलेला बटवा उघडला होता. आत आणखी ४०० युरो आणि दोघांचे पासपोर्ट होते. तो फक्त २०० वर समाधानी राहिला म्हणून. आता दिवसाला लागतील तेवढेच पैसे वेगळ्या खिशात असतात, बाकीचे दोघांत वाटून, आणि बटवा खोलीबाहेर कधीच उघडत नाही. हे मला एकदाही बोलले नाहीत. पुढचे तीन दिवस रस्ता ओलांडताना माझा हात मात्र धरून होते.

निघण्याआधी जिथे जायचं तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर चालू नोटांची चित्रं असतात, ती आम्ही दोघं आता समोर घेऊन बसतो. रंग, चेहरा, बँकेचं नाव, चलनाचं नाव. पंधरा मिनिटांचं काम आहे.

त्या पाचांपैकी चार नोटा आम्ही नंतर बदलून टाकल्या. एक ठेवली आहे. ओळखीतलं कुणी परदेशी निघालं की मी ती त्यांच्या हातात देते आणि म्हणते, ही नीट तपासून सांगा. आजवर सात-आठ जणांना दिली असेल. प्रत्येकाने ती आधी उजेडाकडे धरली.