ओमेगा सीमास्टर, १९६७ च्या आसपासचं: दहा महिने रोज मनगटावर

आधी एकदा फसलो होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक जुनं ओमेगा १८,००० ला घेतलं होतं. गडद निळी डायल, आरशासारखी बॉडी, बघताक्षणी आवडलं. बेळगावात गणपत गल्लीजवळ आमचे एक घड्याळवाले मामा बसतात, त्यांच्याकडे पट्टा बदलायला नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "डायल रंगवलेली आहे बघा, आणि मशीन दुसऱ्याच घड्याळातलं आहे." विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. त्या दिवसापासून मी चकचकीत जुनं घड्याळ दिसलं की आधी संशय घेतो.

आत्ताचं घड्याळ टिळकवाडीतल्या एका घरातून जानेवारीत ६८,००० ला घेतलं. घरातल्या आजोबांनी ते आखातात नोकरीला असताना घेतलेलं. पावती नाही, डबा नाही. पण डायल मूळची! चंदेरी होती, आता सायीसारखी पिवळसर झाली आहे आणि चारच्या रेघेजवळ मोहरीएवढा तपकिरी डाग आहे. खाली सहाजवळ 'टी स्विस मेड टी' असं बारीक छापलंय. हा टी म्हणजे ट्रिटियम, रात्री चमकणारा पदार्थ. त्याची ताकद साधारण बारा वर्षांत निम्मी होते, त्यामुळे आता काटे अंधारात अजिबात दिसत नाहीत. दिसले असते तर तो पदार्थ कुणीतरी नंतर भरलेला, म्हणजे मी घेतलं नसतं. काच प्लास्टिकची आहे आणि तिच्या बरोब्बर मध्यभागी ओमेगाचं चिन्ह कोरलंय. इतकं लहान की भिंगाखाली, उजेड तिरका पडला तरच सापडतं. पाठीवरच्या समुद्रघोड्याच्या आयाळीच्या रेघासुद्धा मोजता येतात, म्हणजे कुणी पॉलिश मारून घासलेलं नाही.

आत ५६५ नंबरचं ऑटोमॅटिक, म्हणजे हात हलला की आपोआप चावी भरणारं मशीन आहे, २४ ज्वेलचं (झीज रोखणारे बारीक खडे), तांबूस मुलाम्याचं. तासाला १९,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला साडेपाच. कानाशी धरलं की हल्लीच्या घड्याळांपेक्षा जरा सावकाश टिकटिक ऐकू येते. तारीख बदलायची तर चावी शेवटपर्यंत बाहेर ओढायची, प्रत्येक ओढीला तारीख एक घर पुढे. तीस दिवसांच्या महिन्यानंतर एवढं काम करावं लागतं. शनिवारी संध्याकाळी काढून ठेवलं की सोमवारी दुपारपर्यंत चालू असतं, मी मोजलं तेव्हा ४४ तास भरले. सर्व्हिसनंतर दिवसाला दहा-बारा सेकंद पुढे जातं. जवळजवळ साठ वर्षांच्या मशीनकडून मला याहून जास्त नको.

मार्चमध्ये मात्र जीव घाबरा झाला. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला आहे. एके दिवशी सरफेस ग्राइंडरच्या (लोखंड घासून सपाट करायचं मशीन) चुंबकी टेबलावरून घासलेला तुकडा उचलताना घड्याळ हातातच राहिलं. संध्याकाळपर्यंत ते पंचवीस मिनिटं पुढे! मला वाटलं मशीन गेलं. मामांनी घड्याळ होकायंत्राजवळ नेलं तर सुई वळली. केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाने भारली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, म्हणून घड्याळ पळायला लागतं. त्यांच्याकडे चुंबकत्व उतरवायची छोटी निळी डबी आहे. बटण दाबून घड्याळ हळूहळू वर उचललं आणि काम झालं. पन्नास रुपये घेतले. तेव्हापासून ग्राइंडरवर उभा राहायचं असेल तर घड्याळ डब्याच्या पिशवीत.

पावसाळा हा दुसरा प्रश्न. बेळगावचा पाऊस, त्यातून आमचं खानापूरला येणं-जाणं. नावात 'सी', म्हणजे समुद्र, असला तरी या वयाच्या घड्याळावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नका. जूनमध्ये काचेच्या आत वाफ दिसली, तसाच धावत मामांकडे गेलो. झाकणाचं रबर दगडासारखं कडक झालं होतं. रबर, तेलपाणी, साफसफाई मिळून ४,५०० रुपये झाले. जुलै-ऑगस्टमध्ये मी वडिलांचं एचएमटीच घातलं.

आता बाजाराचं. कोविडच्या काळात घड्याळांचे भाव जे चढले ते २०२२ च्या सुरुवातीला टोकाला गेले आणि मग घसरले. पण घसरण जास्त बसली ती डेटोना, नॉटिलस, रॉयल ओक अशा नव्या स्टीलच्या घड्याळांना, कारण तिथे नफ्यासाठी घेणारेच जास्त होते. डिसेंबर २०२२ पासून रोलेक्सने तपासलेली जुनी घड्याळं तिच्या अधिकृत विक्रेत्यांकडे, दोन वर्षांच्या गॅरंटीसह मिळायला लागली. तेव्हापासून माल ठरलाय दोन तऱ्हेचा: कागद (पावती, गॅरंटी) असलेला आणि नसलेला. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार आपल्याकडे लागू झाला आहे. स्विस घड्याळांवरची ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरत जाणार. माझ्या मते त्याने दोन-चार वर्षं वापरलेल्या घड्याळांचा भाव आपल्याकडे मऊ पडेल. माझ्यासारख्या बिनकागदाच्या घड्याळाला मात्र डायल हाच कागद.

हे लिहायचं खरं कारण असं की दिवाळीच्या आधी कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "डायल नवी करून घ्या, बॉडीला पॉलिश मारा, पंधरा-वीस हजार सहज वाढून मिळतील." घेणारा अजाण असेल तर मिळतीलही, मला तसंच तर फसवलं होतं. पण एकदा खरवडलेली डायल परत येत नाही. आपल्या भागात, निपाणी-चिकोडीकडेसुद्धा, कितीतरी घरांत आजोबांचं फेवर ल्युबा नाहीतर वेस्ट एंड पडून आहे. लग्नाच्या आधी लोक ते 'नवं करून' आणतात आणि बघणाऱ्याच्या पोटात कालवतं. तेलपाणी करा, रबर बदला, काच बदलली तरी जुनी जपून ठेवा. डायलला हात लावू देऊ नका.

सध्या चिकोडीत एकाकडचं फेवर ल्युबा सी किंग डोळ्यांसमोर आहे. डायल मूळचीच वाटते, भावही रास्त सांगितलाय. मालक झाकण उघडू द्यायला तयार नाहीत, म्हणून दोनदा जाऊन परत आलो. पुढच्या रविवारी मामांनाच गाडीवर घालून नेणार आहे.