अल्बम आणि जीएसटी: पेठेतल्या करसल्लागार ताईंचा अनुभव (चार तारे)

मी हार्मोनियम वाजवतो. पहिला अल्बम पदरमोड करून काढला, तीनशे सीड्या, ३५० रुपयांना एक. मैफलीनंतर टेबल टाकून विकायच्या, एवढंच डोक्यात होतं. मग बेळगावहून एका रसिकांनी वीस मागवल्या. खोकं बांधत होतो तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "जीएसटीचं काय?"

ताईंनी आधी पावतीपुस्तक मागितलं. त्यावर चहाचे डाग, दोन पानांवर बंदिशीच्या ओळी. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, पण बोलल्या काही नाहीत.

पुढचं मात्र झकास समजावलं. राज्यातच विकलं असतं तर वस्तूंना ४० लाखांपर्यंत नोंदणी नको. बेळगाव कर्नाटकात, म्हणजे पहिल्याच सीडीपासून नोंदणी. (सीमाप्रश्न असा माझ्या खोक्यात येईल असं वाटलं नव्हतं!) आणि एकदा नोंदणी झाली की पुण्यातल्या सीडीवरही १८ टक्के. कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवून त्यांनी दाखवलं: ३५० मधले ५३ रुपये ३९ पैसे सरकारचे. शास्त्रीय मैफलीचं मानधन दीड लाखापर्यंत करमुक्त असतं, हे ऐकून जीव भांड्यात पडला.

विवरणपत्र तिमाही ठेवलंय. विक्री शून्य असली तरी भरायचंच, नाहीतर दिवसाला २० रुपये दंड. फी महिन्याला सातशे, ठीक आहे.

एक तारा कापला तो तीन जिन्यांसाठी. आणि २० तारखेच्या आसपास ताई फोन उचलत नाहीत, तेव्हा सरळ जाऊन बसा.