यार्देनच्या पाण्याच्या दोन बाटल्या : सात महिन्यांनंतर

परवा कपाट उघडलं तर आईच्या ठेवणीतल्या पांढऱ्या साडीवर तपकिरी नकाशा उमटलेला. बाटली आडवी झाली होती आणि झाकणानं परत दगा दिला होता. म्हणून लिहायला बसले. होली लँडची टूर कशी असते, किती हॉटेलं बदलतात, जेवण कसं असतं, हे जाऊन आलेल्यांनी भरपूर सांगून झालंय. मी फक्त यार्देनच्या, म्हणजे येशूनं बाप्तिस्मा घेतला त्या जॉर्डन नदीच्या, पाण्याबद्दल बोलणार.

पहिली बाटली यरीहोच्या वाटेवरच्या एका दुकानातली. वर योहान येशूला बाप्तिस्मा देतानाचं चित्र, सोनेरी झाकण, चार डॉलर. दुसरी बसमध्ये मिळालेली पाण्याची साधी बाटली. ती पिऊन रिकामी केली आणि कस्र अल-यहूद या बाप्तिस्म्याच्या घाटावर नदीच्या पायऱ्या उतरून स्वतः भरली. खर्च शून्य, फक्त ड्रेस गुडघ्यापर्यंत भिजला.

चार डॉलरवाली त्याच संध्याकाळी यरुशलेमला पोचेपर्यंत पाझरली. कारण नंतर भाच्यानं समजावलं. नदीचा तो काठ समुद्रसपाटीच्याही जवळजवळ ४०० मीटर खाली, आणि यरुशलेम डोंगरावर. तासाभरात बस हजार मीटरहून जास्त वर चढते, बाटलीतली हवा फुगते आणि झाकण ढिलं असेल तर पाणी बाहेर ढकलते. विमानात तर विचारूच नका. माझी साधी बाटलीही फुगून टम्म झाली होती, नगरला उघडली तेव्हा फुस्स आवाज आला, पण थेंब सांडला नाही. यात्रेकरूंना विकायच्या बाटलीला निदान आत एक रबरी चकती लावायला काय जातं? दुकानदाराला मेल केला. उत्तरात आशीर्वाद आला, पैसे नाही.

आता नदीबद्दल. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मी तिला पाचातला दीडच तारा दिला असता. इतकी वर्षं उपासनेत ऐकलेली यार्देन, बायबलातल्या यहोशवाच्या वेळी दुथडी भरून वाहणारी, आणि समोर चहाच्या रंगाचा अरुंद ओहोळ. आमच्या नगरच्या सीना नदीला पावसाळ्यात याहून जास्त पाणी असतं, असं मी बसमधल्या बाईंना बोलूनही गेले. नदी ज्यातून खाली येते त्या गालीलच्या सरोवरातून इस्राएलनं १९६४पासून पाणी मोठ्या नळांनी दक्षिणेला नेलं, तिला येऊन मिळणाऱ्या यार्मूक नदीचं पाणी सीरिया आणि जॉर्डननं अडवलं. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी वरच्या वर वळतं. खाली उरतं त्यात खारे झरे आणि सांडपाणी. त्यामुळे भक्तिभावानं घोट घेऊ नका. मध्ये तरंगत्या बोयांची रांग, तीच सरहद्द. पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, जॉर्डन देश. येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कुंपणांवर भूसुरुंगाच्या पाट्या पाहिल्या होत्या, त्या डोक्यातून जात नव्हत्या.

मग पायरीवर उभी असताना पाय घोट्यापर्यंत गाळात रुतले, आणि नामान आठवला, बायबलातला कोड झालेला अरामी सेनापती. २ राजे, अध्याय ५. बरं व्हायला संदेष्टा अलीशानं त्याला सांगितलं, यार्देनेत सात वेळा बुडी मार. आणि हा सेनापती रागावला, की दिमिष्काच्या अबाना आणि परपर या नद्या इस्राएलातल्या सगळ्या पाण्यापेक्षा चांगल्या नाहीत का? म्हणजे या नदीची तक्रार मी पहिली करत नव्हते. मला हसूच आलं. त्याच्या नोकरांनी त्याला समजावलं, अवघड काही सांगितलं असतं तर केलंच असतं ना? मला समजवायला कोणी नव्हतं. पलीकडच्या काठावर पांढऱ्या झग्यातल्या एका म्हाताऱ्या बाईला दोघं धरून पाण्यात उतरवत होते. ती तीनदा बुडाली, वर आली, आणि तोंड पुसायच्या आधी आमच्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. बाटली तेव्हाच भरली. तोवर भरायचं मनातही नव्हतं. चार तारे.

घरी आल्यावर आठवड्यात बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ बसला. आईला प्रवास झेपत नाही, तिच्यासाठीच पाणी आणलं होतं. तिनं दोन्ही बाटल्या खिडकीशी धरून पाहिल्या आणि निकाल दिला, "हिच्यात गाळ आहे ना, मग ही नदीचीच. ती तुझी चार डॉलरची नळाची असंल."

जूनमध्ये भाच्याच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. पाळकसाहेब म्हणाले, "आजी, पाणी महापालिकेचं असलं तरी बाप्तिस्मा तोच." आईनं मान डोलावली आणि पर्समधून बाटली काढली. शेवटी उकळून, मलमलीतून गाळलेले दोन चमचे ख्रिस्तमंदिरातल्या पात्रात पडले. बाळ नेहमीसारखंच किंचाळलं.

सात महिन्यांनी साध्या बाटलीत गाळ आणि वर चार बोटं पाणी आहे, कडेला जरा हिरवट झालंय. आई ती उशाशी ठेवते, उघडत नाही. सोनेरी झाकणाची परवा धुऊन टाकली. आईनं तिच्यात खोबरेल भरलंय. झाकण अजून गळतं.