साचा उत्तम, पाकिटातले गोटे बोगस: आठ महिन्यांनंतर

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आजवर २३ गोटे जमलेत. एकेक गोटा मी फेब्रुवारीत माझ्या हातांनी सिमेंटात बसवला होता.

सेट तोच, वाटेवर पाय ठेवायला सिमेंटचे गोल टप्पे घरी पाडायचा: १२ इंची गोल प्लास्टिकचा साचा आणि सोबत रंगीत, पॉलिश केलेल्या गोट्यांचं पाकीट. ८४९ रुपये. चिपळूणला आमच्या मागच्या दारापासून विहिरीपर्यंत पावसात नुसता चिखल, म्हणून १४ टप्पे पाडले. पहिल्या सहांत पाकिटातले गोटे, पुढच्या आठांत पऱ्यातले, म्हणजे ओढ्यातले, काळे, खरबरीत. सिमेंट एक, वाळू तीन, मध्ये कोंबडीजाळी, जाडी ४ सेंटीमीटर. साच्याला आतून तेलाचा हात फिरवला की टप्पा अलगद सुटतो. साच्याबद्दल तक्रार शून्य.

मार्चमध्ये पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. जूनमध्ये पाऊस लागला आणि आठवड्यात पहिला गोटा निघाला, पांढरा. मग गणपतीपर्यंत रांगच लागली. गोटा जातो तिथे काचेसारखा गुळगुळीत खळगा राहतो, सिमेंटाचा कणही गोट्याला चिकटलेला नसतो. पऱ्यातला एकही हलला नाही, आणि तो फुकटचा!

कस्टमर केअर म्हणालं, व्हिडिओ पाठवा. पाठवला. उत्तर आलं, वापरलेला माल परत घेत नाही. अहो, न वापरता गोटे निघणार कसे?

पाकिटात चार गोटे उरले होते. त्यांच्यावर पाण्याचा थेंब सोडला, तर अळवाच्या पानावर राहावा तसा गोल उभा. पऱ्यातल्या गोट्यावर तोच थेंब पसरला. म्हणजे चकाकीसाठी वर तेल नाहीतर मेण, त्याला सिमेंट काय धरणार? ‘आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासा’ एवढी एक ओळ पाकिटावर छापली असती तरी चाललं असतं. एका ताऱ्यावर आणलं.

पण परवा शेजारी गवंडीकाम चालू होतं, त्यांना टप्पे दाखवले. पहिला प्रश्न, “पाणी किती दिवस मारलंत?” तीन. गोणीवर पीपीसी लिहिलंय, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं सिमेंट, त्याला निदान दहा दिवस पाणी हवं. शिवाय रंग दिसावेत म्हणून मी पाकिटातले गोटे अर्धेच दाबले होते. पऱ्यातले मोठे, ते दोन तृतीयांश आत गेले. तेव्हा थोडं पाप माझ्याकडेही. तीन तारे. चौथा मात्र मिळणार नाही.

अंतराचंही सांगतो. सेटच्या कागदावर दोन टप्प्यांत ६० सेंटीमीटर ठेवा म्हटलंय. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, “मी काय बेडूक आहे?” सगळे उचलून ४५ वर आणले. घरात सगळ्यात लहान पाऊल ज्याचं, त्याच्या चालीने मापा. शेवाळ सिमेंटावर धरतं, पण वर आलेल्या खरबरीत गोट्यांवर पाय घसरत नाही. पंधरवड्याने खराटा मारतो.

आणि सिमेंट सुटं मिळत असेल तर सुटंच घ्या. १४ टप्प्यांना अर्धी गोणीही लागली नाही. उरलेली पावसाळी हवेत पडवीतच दगड झाली. ती आता विहिरीपाशी टाकली आहे, आई तिच्यावर कळशी टेकवते.