वायरमॉक: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या ऑर्डर सर्व्हिसच्या इंटिग्रेशन टेस्ट आधी थेट पेमेंट गेटवेच्या सँडबॉक्सवर (त्यांनी चाचणीसाठी दिलेल्या नकली सर्व्हरवर) चालायच्या. सँडबॉक्स झोपला की आमचा बिल्ड लाल (टेस्ट नापास), आणि चूक आपल्याच कोडमध्ये असेल म्हणून अर्धा दिवस शोधाशोध. याला कंटाळून वायरमॉक आणलं: खऱ्या सर्व्हरच्या जागी उभं राहून आपण ठरवलेली उत्तरं देणारं टूल.

बसवायला कष्ट नाहीत. डॉकर कंटेनर सुरू करायचा, मॅपिंग्ज फोल्डरमध्ये जेसन फायली टाकायच्या: अशी रिक्वेस्ट आली की असा रिस्पॉन्स दे. अशा एका नियमाला स्टब म्हणतात. कुठलाच स्टब जुळला नाही तर ४०४ ('सापडलं नाही') येतो आणि सगळ्यात जवळचा स्टब नेमका कुठे चुकला तेही दिसतं. याने माझे कितीतरी तास वाचले.

पण खरी किंमत कळली ती बिघाडाच्या टेस्ट लिहिताना. सँडबॉक्सला 'आज जरा उशिरा उत्तर दे' असं सांगता येत नाही. इथे स्टबमध्ये फिक्स्डडीलेमिलिसेकंड्स १२००० केलं, म्हणजे १२ सेकंदांचा उशीर. आमच्या क्लायंटचा टाइमआउट १० सेकंदांचा. टेस्टनंतर रिक्वेस्ट जर्नल (आलेल्या रिक्वेस्टची नोंद) उघडलं तर एकाच ऑर्डरच्या दोन पोस्ट रिक्वेस्ट, आणि दोन्हींची आयडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट पुन्हा आली हे गेटवेला ओळखता यावं म्हणून पाठवायची खूण) वेगळी! रिट्राय करताना आम्ही की नव्याने बनवत होतो. म्हणजे गेटवे नुसता मंदावला असता तरी ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले असते. हात थंड पडले होते माझे. जेवण बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त केलं.

पहिल्या कॉलला ५०३ (सेवा बंद) आणि दुसऱ्याला २०० (यशस्वी) हवं असेल तर सिनॅरिओ, म्हणजे टप्प्याटप्प्याने उत्तर बदलणारे स्टब, वापरा, फक्त प्रत्येक टेस्टआधी ते रीसेट करा. आणि रेकॉर्ड केलेले (खऱ्या सर्व्हरचे कॉल टिपून वायरमॉकने बनवलेले) स्टब तसेच ठेवू नका. पोस्ट रिक्वेस्टची अख्खी जेसन बॉडी त्यात जुळवली जाते. आत टाइमस्टॅम्प असला की पुढच्या वेळी स्टब जुळतच नाही.

एक मोठी खंत मात्र आहे. मध्यंतरी गेटवेने रकमेचं फील्ड आकड्याऐवजी स्ट्रिंग केलं. आमचे स्टब जुनेच, त्यामुळे सगळ्या टेस्ट हिरव्या आणि स्टेजिंगवर (रिलीजआधीच्या चाचणी सर्व्हरवर) एकही पेमेंट होईना. स्टब शिळा झालाय हे वायरमॉक आपणहून सांगणार नाही, ते काम आपल्यालाच करावं लागतं. तेव्हापासून रोज रात्री मोजक्या टेस्ट खऱ्या सँडबॉक्सवर चालवतो. गेल्या महिन्यात असाच एक बदल सकाळी स्टँडअपच्या आधीच हाती लागला.