बसऱ्याला गेलेला आजा शोधायचा असेल तर: वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची मोफत शोधसेवा

आमच्या माणगाव तालुक्यात जुन्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आमचा एक आजा बसऱ्याला गेला, तो परत आलाच नाही." बसरा म्हणजे आताच्या इराकातलं बंदर. पलटण कुठली, साल कुठलं, हे सांगणारं आता घरात कुणी उरलेलं नसतं. अशा प्रत्येक घरापर्यंत कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, वेबसाईटवरची शोधसेवा पोचावी असं मला मनापासून वाटतं. पैसे लागत नाहीत. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी तिथे आहेत आणि त्यात आपले हिंदी सैनिकही आहेत.

आधी ओळखीच्या नावावर हात बसवा. मी शिकवताना नाईक यशवंत घाडगे यांचं नाव घेतो, आमच्याच तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या हाताखालचे सगळे जवान मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. हा एकटा पुढे धावला. बॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी मारलं. जिंकलेल्या त्याच मोर्च्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्यांची कबर नाही, म्हणून नोंदीत इटलीतलं कॅसिनो स्मारक दिसेल. ४,००० हून अधिक नावं आहेत तिथे. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं, हेही पोरांना आवर्जून सांगतो.

पण खरी किंमत कळते ती साध्या शिपायाचं नाव शोधताना. शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्यात त्यांच्या आजेसासऱ्याच्या थोरल्या भावाची एक काळवंडलेली कांस्याची तबकडी होती, पहिल्या महायुद्धानंतर मृतांच्या घरी पाठवलेली. तिच्यावर फक्त नाव असतं. हुद्दा नाही, पलटण नाही. ते नाव आम्ही टाकलं आणि समोर आलं: शिपाई, १०३ मराठा, मृत्यू १९१६, बसरा स्मारक. खाली वडिलांचं नाव, गाव, तालुका माणगाव, जिल्हा कुलाबा, म्हणजे आताचा रायगड. काकूंनी तारीख मोठ्याने वाचायला लावली, परत एकदा वाचायला लावली, आणि म्हणाल्या, "तिथी काढून दे रे. सर्वपित्रीला पान वाढतो, आता त्याच्या तिथीला वाढू."

ही पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, गेली होती. तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ११० आणि ११७ मराठाही होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथे इंग्रजांच्या फौजेची शरणागती झाली आणि पुढे कैदेत हजारो मेले.

बसऱ्याच्या स्मारकाबद्दल मात्र बोललंच पाहिजे. ४०,००० हून अधिक मृतांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावं दगडावर कोरली, आपल्या शिपायांची पलटणीगणिक नुसती संख्या. २०२१ साली कमिशनने या भेदभावाबद्दल माफी मागितली. ती नावं कोरली गेलीच पाहिजेत. तोवर काकूंच्या आजेसासऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव वाचायचं तर ते याच नोंदीत, आणि तिचं प्रमाणपत्रही छापून घेता येतं. आम्ही घेतलं.

वापरताना काही गोष्टी लक्षात ठेवा. सगळं इंग्रजीत आहे, तेव्हा शेजारी कॉलेजातलं पोर बसवा. साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तशी नावं लिहिलेली आहेत. सखारामची, धोंडूची तीन-चार स्पेलिंगं करून पाहा. आडनाव सापडलं नाही तर नुसतं नाव टाका, मग सैन्य म्हणून इंडियन आर्मी निवडा आणि पलटणीचा आकडा जुळवा. दुसऱ्या महायुद्धातला माणूस असेल तर पलटणीचं नाव 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' असं मिळेल. आणि तुमचा माणूस बोटीवर खलाशी होता असं घरात सांगत असतील, तर मुंबईचं स्मारक निवडून शोधा. समुद्रात गेलेल्या खलाशांचं हे स्मारक मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे, तिथवर तर लोकलने जाता येतं.