सक्सेशन सर्टिफिकेट की वारस दाखला? मृत्युपत्र नसताना कोणता कागद काढावा

मृत्युपत्र न करता घरातले कुणी गेले की दिवसकार्य उरकते न उरकते तोच सल्ले सुरू होतात. बँक म्हणते ‘सक्सेशन आणा’. गावाकडून निरोप येतो, ‘सातबाऱ्यावर वारस लावून घ्या’. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, ‘कोर्टाचा वारस दाखला लागेल’. हे तीन वेगळे कागद आहेत आणि एकाचे काम दुसरा पूर्णपणे करत नाही. चुकीचा काढला तर वर्षभर कोर्टात घालवून पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. म्हणून आधी मालमत्तेची यादी करावी, कोणता कागद काढायचा ते त्यानंतर ठरवावे.

पहिला कागद वारस नोंदीचा. शेतजमिनीसाठी हा महसूल खात्याकडून मिळतो, कोर्टात जावे लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कळवायचे असते. अर्ज महसूल खात्याच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवरही करता येतो. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते, मयताशी नाते आणि प्रतिज्ञापत्र एवढ्यावर गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते. मग फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. शहरातल्या भूखंडाला सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते, तिथे हीच नोंद नगर भूमापन कार्यालयात होते. जमिनीबाबत वाद नसेल तर निव्वळ एवढ्यासाठी कोर्टात जाऊ नये. पण ही नोंद महसुलापुरती असते. ती मालकी ठरवत नाही आणि बँकेतही चालत नाही.

खरी निवड करायची असते ती उरलेल्या दोन कागदांत.

सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र, भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३७० ते ३९० खाली मिळते. ते फक्त ‘कर्जे आणि रोखे’ यांच्यासाठी असते. कर्ज म्हणजे मयताला इतरांकडून येणे असलेली रक्कम. बँकेतली ठेवही त्यात येते, कारण कायद्याच्या नजरेत ते बँकेचे मयताला देणे आहे. रोख्यांत शेअर, डिबेंचर, सरकारी कर्जरोखे येतात. घर, प्लॉट, शेती यात बसत नाही. घरासाठी हा अर्ज केला की तिथेच पहिला मोठा घोटाळा होतो.

कोर्टाचा वारस दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. जवळपास दोनशे वर्षांचा हा नियम महाराष्ट्रात आजही रोज वापरला जातो. त्यात स्थावर आणि जंगम दोन्ही येते. अर्ज आल्यावर कोर्ट जाहीरनामा काढते आणि हरकत घेणाऱ्यांना एक महिन्याची मुदत देते. मात्र दाखल्याने मालमत्तेत हक्क मिळत नाही, मालमत्तेचा कारभार सध्या कायदेशीररीत्या कोणाकडे आहे एवढेच तो दाखवतो. हे त्या नियमातच लिहिलेले आहे. दाखला आपल्या नावाने निघाला म्हणजे घर आपले झाले, ही समजूत भावंडांत भांडणे लावते.

वारस दाखल्यात जंगमही येते, मग बँका आणि कंपन्या सक्सेशनच का मागतात? कारण १९२५ च्या उत्तराधिकार अधिनियमाचे कलम ३८१. सक्सेशन सर्टिफिकेटवर विसंबून, सद्भावनेने पैसे देणाऱ्याची जबाबदारी तिथे संपते. उद्या दुसरा वारस उभा राहिला तरी तो बँकेकडे पुन्हा मागू शकत नाही, त्याला पैसे घेणाऱ्याकडेच जावे लागते. शिवाय कलम ३८० मुळे हे प्रमाणपत्र देशभर चालते. कोलकात्यात नोंदलेल्या कंपनीला मुंबई रेग्युलेशन ठाऊक असेलच असे नाही. तरीही वारस दाखल्यावरच ठेव काढायची असेल, तर ती ठेव दाखल्यात नावानिशी लिहून घ्यावी. मयताच्या येण्यावर दावा चालवण्यासाठी कलम २१४ ने मान्य केलेल्या कागदांत हा दाखलाही आहे, पण ते येणे त्यात स्पष्ट नमूद असले पाहिजे.

कोर्टाची पायरी चढण्याआधी रकमा मोजाव्यात, कारण बऱ्याच घरांना या दोन्हींपैकी काहीच लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांप्रमाणे नॉमिनी नसलेल्या खात्यात व्यापारी बँकेसाठी १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेसाठी ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची ओळखपत्रे, क्षतिपूर्ती बंधपत्र (उद्या दुसरा दावा निघाला तर बँकेचे नुकसान भरून देण्याची लेखी हमी) आणि बाकीच्या वारसांचे ना-हरकत पत्र हे मुख्य कागद लागतात. सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. शेअरसाठी सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या) मे २०२२ च्या परिपत्रकाने अशीच मर्यादा ठरवली: डीमॅट खात्यामागे १५ लाख, कागदी शेअरना कंपनीमागे ५ लाख.

समजा, पुण्यात राहणारे गृहस्थ गेले. एका राष्ट्रीयीकृत बँकेत १२ लाखांची ठेव, दुसरीत १० लाख, डीमॅटमध्ये ६ लाखांचे शेअर, सातारा जिल्ह्यात दीड एकर जमीन आणि एक सोसायटीतला फ्लॅट. मागे पत्नी, मुलगा आणि मुलगी, तिघांचे एकमत. ठेवींची बेरीज २२ लाख दिसते म्हणून कुणी सक्सेशनचा अर्ज टाकेल. पण मर्यादा बँकनिहाय बघायची असते. दोन्ही ठेवी मर्यादेत आहेत, डीमॅटही आहे, आणि जमिनीला वारस नोंद पुरते. उरला फ्लॅट. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ मध्ये वारस दाखला आणि सक्सेशन सर्टिफिकेट यांच्याबरोबर वारसांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्तही मान्य आहे. तिघांची सही असलेला असा दस्त केला तर या घराला कोर्टात जावेच लागत नाही. मुलांनी आपला हिस्सा आईला सोडायचा असेल तर त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे.

हेच २२ लाख एका बँकेत असते, किंवा मुलाने ना-हरकतीवर सही नाकारली असती, तर हा मार्ग बंद झाला असता. तेव्हा बहुधा सक्सेशन लागते. एकटा वारसही अर्ज करू शकतो. बाकीच्यांना सामनेवाले करायचे, त्यांना नोटीस जाते, त्यांचे म्हणणे कोर्ट ऐकते. पण ज्याच्या नावाने प्रमाणपत्र निघते तो पैसे गोळा करणारा असतो. इतरांचे हिस्से त्याला द्यावेच लागतात.

अर्ज मयत जिथे कायम राहत होता त्या हद्दीतल्या कोर्टात करायचा. बँक नाशिकची असली तरी माणूस पुण्यात राहत असेल तर पुण्यातच. शुल्क रकमेच्या प्रमाणात असते आणि अर्जासोबतच भरावे लागते, त्यामुळे परिशिष्टात, म्हणजे अर्जाला जोडलेल्या ठेवी-शेअरच्या यादीत, नाहक मोठा आकडा लिहू नये. कोर्ट जामीनदारासह बंधपत्रही मागू शकते. हरकत नसली तरी सहा महिने ते वर्ष गृहीत धरावे.

परिशिष्टावर मात्र दोन संध्याकाळी खर्च कराव्यात. प्रत्येक ठेवीचा पावती क्रमांक, शाखा, रक्कम ‘व त्यावर जमा होणारे व्याज’ या शब्दांसह लिहावी. शेअरची संख्या आणि डीमॅटचा क्लायंट आयडी स्टेटमेंट समोर ठेवून उतरवावा. प्रार्थनेत (अर्जातल्या मागणीच्या भागात) व्याज-लाभांश घेण्याचा आणि रोखे हस्तांतर करण्याचा, असे दोन्ही अधिकार मागावेत. कलम ३७४ मध्ये ते वेगवेगळे आहेत. फक्त पहिला मिळाला तर लाभांश घेता येतो, शेअर नावावर होत नाहीत. एखादे खाते नंतर सापडले तर कलम ३७६ खाली अर्ज करून त्याच प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून मिळते, नवे प्रमाणपत्र काढावे लागत नाही.

वारसांच्या यादीत सर्वांत जास्त चुका होतात. हिंदू पुरुष गेला आणि त्याची आई हयात असेल तर तीही पहिल्या वर्गातली वारस असते, पत्नी आणि मुलांइतकाच एक हिस्सा तिचा. वडील त्या वर्गात नसतात. लग्न झालेल्या मुलीचे नाव गाळले तर ती प्रमाणपत्र रद्द करायला येऊ शकते, कलम ३८३ मध्ये माहिती दडवणे हे त्याचे कारण सांगितलेले आहे. नॉमिनीलाही वारस समजू नये. शेअरच्या बाबतीत नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले.

परदेशातल्या वारसाने मुखत्यारपत्र भारतीय दूतावासातून साक्षांकित किंवा अपोस्टील (तिथल्या सरकारचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण) करून पाठवावे. ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा, ही मुदत हमखास विसरली जाते. गोव्यातली मालमत्ता असेल तर १८२७ चा नियम तिथे लागत नाही. तिथे २०१२ चा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा चालतो, आणि वारस ठरवण्याचा दस्त विशेष नोटरीसमोर होतो. त्या मालमत्तेचे काम तिथल्या वकिलाकडेच द्यावे.